तेल पडतं तिथून गळत नाही

आप्पा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे ते गाडीबद्दल. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा तिला पारनेरहून नगरला डायलिसिसला न्यायचं, चार तास मशिनला लावायचं आणि परत आणायचं, हे दोन वर्षं चाललंय. परतताना तिला चक्कर येते, उलट्या होतात. एसटीत बसवत नाही. भाड्याची गाडी ठरवली की ती ऐनवेळी नको म्हणते. माझ्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर आडवी होऊन ती निदान येते. आणि तीच गाडी गळायला लागली.

पॉवर स्टिअरिंगचं तेल होतं. सकाळी गाडी काढली की फरशीवर लाल डाग दिसायचा. मी बॉनेटखालच्या डबीत तेल भरायची, डाग पुसायची आणि निघायची. असे बारा दिवस काढले. मग गेल्या शनिवारी भाळवणीच्या अलीकडे, वळणावरच, स्टिअरिंग एकदम जड झालं. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून ओढलं तेव्हा गाडी कशीबशी बाजूला झाली. मागे आई डोळे मिटून आडवी होती. संध्याकाळी गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं, चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅकच गेलाय म्हणाला, आठ दिवस गाडी सोडून जा. सोमवारी मशिन होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आता. गाडीबी नको म्हनती, मीबी नको म्हनते."

असं ती पूर्वीही म्हणाली होती, पण त्रासात, रडत. या वेळी शांतपणे म्हणाली. मला त्या शांतपणाची भीती वाटली.

रात्रभर मला तुमचं रागावणं आठवत राहिलं. मी अठरा वर्षांची आहे, कॉलेजला सुट्टी आहे, आपल्या गॅरेजवर मला बसवून तुम्ही जेवायला घरी गेलेले. अकोल्याकडचा एक जीपवाला येतो, तेल गळतंय म्हणतो. मी पुसते, भरते आणि झालं म्हणून सांगते. तुम्ही परत येता, मी मोठ्या तोऱ्यात सांगते आणि तुम्ही स्कूटर काढून त्याच्या मागे जाता. सुप्याजवळ गाठून त्याला परत आणलंत. त्याच्यासमोरच मला म्हणालात, "तेल टाकलंस म्हंजी गाडी नीट झाली व्हय? उद्या घाटात ह्याची मानसं भरलेली असतील." मी रडायला लागले, तरी तुम्ही मला गाडीखाली घातलंच. "पडतंय तितं बघू नगं. वरनं कुटनं येतंय ते बघ." आणि आता, आप्पा, इतकी वर्षं शाळेत शिकवून, मी तेच केलं होतं. आणि मागच्या सीटवर आई होती.

रविवारी सकाळी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. खालचं सगळं निरम्याने धुतलं, कोरडं पुसलं, तेल भरलं. स्टिअरिंग फिरवायला कोणी तरी हवं होतं. मी आईला विचारलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती उठली, भिंत धरत आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. डाव्या हातात मशिनच्या सुया टोचतात, त्या हाताने जोर लावायचा नसतो. तिने उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं. इंजिन सुरू करून मी बॉनेटमधून मोबाईलचा उजेड पाडला. "डावीकडं," मी म्हणाले. "आता उजवीकडं." खाली रॅक कोरडा होता. मग वर, डबीकडे तेल परत आणणाऱ्या रबरी पाईपच्या टोकाशी, क्लिपच्या कडेला, एक लाल थेंब फुगला. पाईपच्या अंगाने सरकत तो खाली रॅकवर गेला आणि तिथून टपकला. गॅरेजवाल्याने तो शेवटचा टप्पा तेवढा पाहिला होता.

रबर टोकाला चिरलं होतं. दोन बोटांएवढा तुकडा कापून टाकला, पण पाईपचं नवं टोक डबीच्या नळीवर चढेना. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. माझी सगळी ताकद संपली होती. आईने दारातून विचारलं, काय झालं. सांगितल्यावर ती म्हणाली, "कडक पान्यात घाल. तुजे आप्पा माज्या चहाच्या पातेल्यात घालायचे. किती भांडलेय मी त्यावरनं." मला हे माहीतच नव्हतं, आप्पा. स्वयंपाकघरात जाऊन तिनेच गॅस पेटवला, ओट्याला टेकून पाणी उकळेपर्यंत उभी राहिली. पाईप चढला. नवी क्लिप आवळली, तेल भरलं, हवा काढली. आईने एका हाताने स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "हलकं झालं," एवढंच म्हणाली.

सोमवारी आम्ही गेलो. सकाळी ती आपणहून चप्पल घालून दाराशी आली. पाईप अजून कोरडा आहे. आई परवा पुन्हा म्हणाली, ऱ्हाऊ दे. त्याचं मूळ कुठे आहे ते मला सापडत नाही आणि तिथे चिरलेलं टोक कापून टाकता येत नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, वहीतही ठेवणार नाही. आईच्या हाती लागायला नको. कारण एक गोष्ट राहिली. गॅरेजवाला आठ दिवस म्हणाला ना, तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं, आता सोमवारी जायला नको म्हणून.