पाठीमागची सही

॥ श्री ॥

श्रीरामपूर,
४ जानेवारी २०२५

चि. रवीस इंदूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. राजूरच्या थंडीनं जयाचे गुडघे धरलेत हे वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, पहाटे उठून अंगण झाडायचा हट्ट सोड, अंगण कुठे पळून जात नाही. तू फोन करतोस तो मला काही ऐकू येत नाही. धवल तुझ्याशी अर्धा तास बोलतो आणि मला सांगतो, बाबा मजेत आहेत. म्हणून आपलं पत्रच बरं.

आज मात्र तक्रार करायला बसले आहे. आपल्या शाखेत कॅशवर एक नवी मुलगी आली आहे, यामिनी नावाची. राहात्याहून रोज एसटीनं येते. गेल्या महिन्यात बँकेच्या दारातच चोरांनी एका माणसाची पिशवी पळवली. दहाच्या चार नोटा खाली टाकल्या, तुमचे पैसे पडले म्हणाले, तो वाकला आणि पिशवी गेली. तेव्हापासून बँकेत नियमच नियम. खिडकीशी एकच माणूस, मोबाईल खिशात, आणि दुसऱ्या कुणी चेक आणला की त्याच दिवशी ज्याचं खातं त्याला फोन. आपल्या घरी असा फोन दोनतीनदा संध्याकाळी आला म्हणे. धवलनं घेतला.

तुला ठाऊकच आहे, मी दसऱ्याला वही-पेनांबरोबर चेकबुकाचीही पूजा करते आणि तेव्हाच वर्षाचे बारा सेल्फ चेक सही करून डब्यात ठेवते. हात थरथरायला लागल्यापासून ही युक्ती तूच दिलीस. दर महिन्याला एक चेक धवलला देते, तो वीस हजार आणून हातावर ठेवतो. या महिन्यात तिनं त्याला चक्क परत पाठवलं. बाईंना स्वतः आणा म्हणाली.

गेले रिक्षानं. तर मला काचेच्या खोलीत नेलं आणि धवलला बाहेर बाकावर बसवलं. मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून विचारलं, पैसे कशाला हवेत, घरात कोण कोण असतं, कोणी जबरदस्ती तर करत नाही ना. अरे, पस्तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले, आता ही कालची पोर मला विचारणार? मी उत्तरच दिलं नाही. मग तिनं तो कागद टराटरा फाडून टोपलीत टाकला आणि पैसे दिले. फाडायचं काय कारण होतं? झुंबरबाईचंही खातं तिथेच आहे, भांडी घासताना म्हणाली, ती बाई लई डोळे फाडून बघती.

कानाची यंत्रं अजून घेतली नाहीत. दोन्ही कानांची मिळून एक लाख पस्तीस हजारांना आहेत. पैसे खात्यावर बाजूला ठेवले आहेत. धवल म्हणतो, घाई नको, आत्या, किमती उतरतील.

बाकी ठीक. लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.

तुझी,
इंदूताई

---

॥ श्री ॥

राजूर,
९ जानेवारी २०२५

ती. इंदूताईस रविकांतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा गार झाला. जया म्हणते, तुम्हाला संशय घ्यायला काहीही पुरतं, दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा तुम्ही उजेडात धरून बघता. धरतो! छत्तीस वर्षं रोकड सांभाळली ती उगाच नाही. एक नोट कधी कमी आली नाही.

आता नीट वाच. घरात कोण असतं, हा प्रश्न कॅशियरनं विचारायचाच नसतो. एकटी म्हातारी बाई, महिन्याला पैसे काढते, घरात एक पोरगा, तोही दिवसभर बाहेर. ही माहिती कुणाला हवी असते ते मी तुला सांगायला नको. दारात पिशवी पळवणाऱ्यांना कुणाकडे पैसे आहेत हे आतून कळल्याशिवाय कळतं का? आणि कागद फाडला! लिहिलेलं फाडून टाकणारा माणूस माझ्या हाताखाली एक दिवस टिकला नसता. मला या मुलीचा वास बरा येत नाही.

मी स्वस्थ बसणार नाही. विभागीय कार्यालयाला दोन पानी तक्रार लिहिली आहे, उद्या रजिस्टर पोस्टानं नगरला जाईल. अहिल्यानगर लिहायला हवं, पण हात जुन्या वळणाचा, आधी नगरच लिहितो आणि मग खोडतो.

तू एक कर. धवलकडून पासबुक भरून घे आणि त्याची प्रत मला पाठव. पुन्हा त्या मुलीनं काही लिहून दिलं तर कागद तिच्या हातात परत देऊ नकोस. धवल तुझ्याजवळ आहे म्हणून मला इथे झोप लागते. त्याचं अजून कुठे बस्तान बसलेलं नाही, पण मन लावून तुझं करतो, हे काय कमी आहे?

जयाचा नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, थरथरता चालेल.

तुझा,
रवी

---

॥ श्री ॥

राजूर,
२९ जानेवारी २०२५

ती. इंदूताईस रविकांतचा सा. न. वि. वि.

वीस दिवस झाले, तुझी ओळ नाही. फोन केला की धवल सांगतो, आत्या झोपली आहे. दुपारी चारला? आपण कधी दुपारी झोपलो आहोत का?

इकडे आपल्या अर्जानं काम केलं. माझा जुना सहकारी राधाकृष्ण नगरच्या कार्यालयात आहे, त्याच्याकडून कळलं की त्या यामिनीला कॅशवरून उठवलं आणि चौकशी लावली आहे. नोकरीत कायम व्हायला तिला दोन महिने होते, तो कागद आता अडकला. मी चूक केली असं मला वाटत नाही. कॅशवर संशय आला की माणूस आधी बाजूला करायचा, मग विचारायचं, आम्ही तसंच करत आलो.

दुसरं जरा नाजूक आहे. रागावू नकोस. धवल म्हणत होता की तू हल्ली विसरतेस, दिलेले चेक दिले नाहीत म्हणतेस. खात्यावर त्याचंही नाव घालावं असं त्याचं म्हणणं आहे, म्हणजे तुला बँकेत खेटे नकोत. मला ते पटतं. तू हो म्हणालीस तर कागद मी तयार करतो.

पासबुकाची प्रत मात्र अजून आली नाही. छपाईचं यंत्र बंद आहे असं धवल सांगतो. तीन आठवडे यंत्र बंद? त्या शाखेत काहीतरी शिजतंय हे नक्की.

पत्राची वाट बघतो आहे. दोन ओळी लिही, पण तुझ्या हातानं लिही.

तुझा,
रवी

---

॥ श्री ॥

श्रीरामपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. रवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी तुला सोळा जानेवारीला चार पानी पत्र लिहिलं होतं. ते टाकायला धवलच्या हाती दिलं होतं. हे पत्र मी स्वतः स्टेशनजवळच्या पेटीत टाकते आहे, झुंबरबाईला बरोबर घेऊन. तिनं विचारलं, एवढ्या लांब कशाला चाललाय, बाई? मी म्हटलं, पाय मोकळे करायला.

पासबुकाचं मीच उरकलं. शनिवारी धवल राहात्याला गेला होता, तेव्हा रिक्षा केली आणि बँकेत गेले. यंत्र झकास चालू होतं. पासबुक हातात आलं आणि मी तिथल्याच बाकावर नोंदी वाचल्या. वीस हजारांच्या नोंदी बरोबर आहेत. त्यांच्या मध्ये मध्ये पंचेचाळीस हजारांच्या तीन आहेत. बेरीज तू करशील, पण मीच सांगते, एक लाख पस्तीस हजार. माझे कान, रवी.

पहिल्यांदा मनात तुझंच आलं, ह्या मुलीनंच केलं. तिच्याकडे बघितलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर फॉर्मांचे गठ्ठे बांधत बसली होती. माझ्याशी बोलायची तिला बंदी असणार. तरी उठली, एक चिठ्ठी माझ्या पासबुकात सरकवली आणि जाऊन बसली. ती चिठ्ठी सोबत पाठवते आहे. लिहिलंय, आजी, चेकच्या पाठीमागची, पैसे नेणाऱ्याची सही बघून घ्या.

मी बघितली नाही. माझा भाऊ बघून घेईल असं ठसक्यात सांगून घरी आले. आणि मग डबा काढला. तीन चेक माझ्या हातानं दिले, तेव्हा नऊ उरायला हवेत. पाचच आहेत. चार कमी. तीन वटले आणि चौथा घेऊन कोणी गेलं तेव्हाच तिनं परत पाठवलं असणार आणि मला स्वतः बोलावलं असणार. डब्याची किल्ली देवाच्या पाटाखाली असते. यामिनी काही माझ्या देव्हाऱ्यात हात घालायला आली नव्हती.

आता मला कळतंय की तिनं कागद फाडला तो बाहेर बाकावर बसलेल्याला दिसू नये म्हणून. आणि बँकेचे फोन माझ्यासाठी यायचे ते कोण उचलायचं, हेही तू विचार कर.

विसरभोळी झाले असेन तर देवानं मला खरंच विसर पाडावा. पण मी विसरलेली नाही. मी कुणाचं नाव लिहीत नाही. हात धजत नाही, त्याला मी भरवलंय रे. तू नगरला जा. सह्या ओळखण्यात तुझा हात धरणारा कोणी नाही असं आयुष्यभर ऐकवलंस, तर ही एक ओळख. आणि जे दिसेल ते त्या मुलीच्या नोकरीवर येऊ देऊ नकोस. तिचा कागद आपण अडकवलाय.

घरात मी काही बोललेले नाही. रात्रीचं जेवण त्याला वाढते, नेहमीसारखं. मला वाढवत नाही, तरी वाढते.

सांभाळून जा. लोभ होता तसाच राहू दे, एवढंच मागते.

तुझी,
इंदूताई

---

॥ श्री ॥

राजूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. इंदूताईस रविकांतचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं नगरला गेलो. जयाला काही सांगितलं नाही, पेन्शनचं काम आहे म्हणालो. वाटेत सगळा वेळ मनात एकच, ती मुलगी लबाड निघू दे. ताई, मी एका परक्या पोरीच्या वाईटाची देवाकडे भीक मागत होतो. इतका मी घसरलो.

साहेबांनी चौकशीसाठी मागवलेले तीन चेक टेबलावर ठेवले. पुढची बाजू बघितली, सह्या तुझ्याच, दसऱ्याच्या, ठसठशीत. मग उलटे केले. चष्मा पुसायची गरज पडली नाही. नावाखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. दहावीत त्याचं खातं उघडलं तेव्हा ती सही मीच त्याला बसवून दिली होती. चार पानं गिरवून घेतली होती. म्हटलं होतं, सही अशी हवी की कुणाला नक्कल जमू नये.

साहेब भले माणूस. म्हणाले, गैरसमजातून तक्रार केली असं दोन ओळी द्या, घरचं घरात राहील. मी लिहायला घेतलं आणि राधाकृष्णला विचारलं, अशानं तिचा कागद सुटेल का. तो म्हणाला, सुटेल, पण शेरा राहील. मग मी तो कागद फाडला. हो, मीही फाडला. नवीन घेतला आणि सगळं लिहिलं. रक्कम, तारखा, आणि पैसे नेणारा माझा मुलगा आहे, त्याचं नाव. कॅशियरनं नियमानं केलं तेच बरोबर होतं, आणि खातेदाराला कोरे चेक सही करून ठेवायला शिकवणारा निवृत्त हेड कॅशियर मी आहे, हेही लिहिलं. दुसऱ्या कुणी असे चेक ठेवले असते तर मी त्याला खिडकीतून ओरडलो असतो. ओळखीच्या माणसावर संशय घ्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे.

खाली सही केली. तिथल्या शिपायानं दोनदा विचारलं, पाणी हवंय का.

संध्याकाळी मी धवलला फोन केला आणि एवढंच म्हटलं की चेकची पाठ बघून आलो. तो रडला. मोबाईलवर शेअरचा कसलासा खेळ, त्यात गेले सगळे म्हणतो. मी काल येऊन त्याला घेऊन गेलो ते तू पाहिलंसच. तू माझ्याशी बोलली नाहीस, डबा मात्र बांधून दिलास. एसटीत त्यानं तो उघडला नाही. जया दोन दिवस जेवलेली नाही. पोलिसांत जायचं की नाही हे तू ठरव. तू जा म्हणालीस तर मी बरोबर येईन, आणि बाप म्हणून नाही, साक्षीदार म्हणून येईन.

आशीर्वाद मागायचं आज धाडस होत नाही.

तुझा,
रवी

---

॥ श्री ॥

श्रीरामपूर,
९ मार्च २०२५

चि. रवीस व चि. सौ. जयास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद न मागताही मिळतात, खुळ्या. पुन्हा असं लिहिलंस तर कान धरीन.

पोलिसांत मी जाणार नाही. त्याचं कारण माया आहे, दुसरं काही नाही, आणि ती चूक असेल तर माझी. पण त्याला जवळ लवकर बोलावणारही नाही. राग आहे माझा, अजून पुष्कळ आहे. पैशांचा थोडा आहे. मला ऐकू येत नाही म्हणून मी त्याच्यावर टेकले होते, आणि त्यानं नेमकं त्याचंच भांडवल केलं, त्याचा जास्त आहे.

यामिनी परत कॅशवर बसली. नोकरीचा कागद तिच्या हाती आला, शेरा नाही. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, तक्रार आली म्हणून तरी कोणीतरी चेक उलटे करून बघितले, आजी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता मी महिन्याचा चेक खिडकीसमोर बसूनच सही करते. सही वाकडी येते. यामिनी मागच्या तिघांना थांबवून ठेवते, पण घाई करत नाही.

यंत्र एकाच कानाचं घेतलं, उजव्या. दुसऱ्याचं पुढे बघू. पहिल्या दिवशी झुंबरबाईनं ताट आपटलं आणि मी दचकले. ती इतकी हसली की तिचं हसणंही पहिल्यांदाच नीट ऐकलं.

परवा एक गंमत झाली, गंमतच म्हणते. पाय दुखत होता म्हणून चेक झुंबरबाईच्या हाती पाठवला होता. पाच मिनिटांत फोन वाजला. सवयीनं मी आतल्या खोलीकडे बघितलं, आणि मग स्वतः उठले. यामिनी होती. चेक तुमचाच का, विचारलं. माझाच म्हटलं. रक्कम विचारली, सांगितली. मग म्हणाली, नियम आहे म्हणून विचारते, आजी, आत्ता तुमच्याजवळ कोणी उभं आहे का? मी दाराकडे बघितलं, त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. कोणी नाही, म्हटलं.

ती ठीक आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

जयाला जेवायला लाव. लोभ आहे, तो मोजू नकोस. आणि त्याला एवढंच सांग, आत्या आता फोन स्वतः उचलते.

तुझी,
इंदूताई