बाईंचं लायसन्स

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून केलेला नमस्कार. (गाडी उभी आहे, जीव वरखाली करून घेऊ नकोस.) तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण आजारपणापासून तू ‘बरी आहे’च्या पुढे जात नाहीस, आणि हल्ली तर फोनही उचलत नाहीस. मी ठणठणीत. फक्त उजव्या पायाचा बूट झिजलाय, त्याची हकीकत सांगतो.

आपल्या गणिताच्या बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी त्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला शिकव. (मी ताडकन उठलो, शर्ट खोचला आणि नखं लपवली.) जुनी गाडीसुद्धा घेऊन ठेवली होती. या वयात कशाला, असं विचारायची माझी काय बिशाद! तरी चाचरत विचारलं. म्हणाल्या, एकीला भेटायला जायचंय. बाकीचे सगळे जुने विद्यार्थी माझ्याकडे येतात, ती येत नाही, आणि दोन बस बदलणं आता गुडघ्यांना झेपत नाही.

ताई, बाईंना शिकवणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. इतर शिकाऊंवर मी ‘ब्रेक!’ म्हणून ओरडतो. बाईंना म्हणायचो, ‘बाई, आपल्याला योग्य वाटलं तर जरा ब्रेक...’ आणि वाक्यातला आदर संपेपर्यंत गाडी फुटपाथवर चढलेली असायची. मग मी गुपचूप माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचो. (शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, म्हणून हे पत्र लिहायला मी जिवंत आहे.) त्यात बाईंची जुनी खोड. समोरून टेम्पो येतोय आणि या विचारताहेत, त्याचा वेग ताशी चाळीस, आपला वीस, मध्ये शंभर मीटर, तर भेट किती सेकंदांत? मी बोटं मोजतोय, टेम्पोवाला शिव्या घालतोय. (सहा. घरी येऊन काढलं.) चौकातला वाहतूक हवालदारही त्यांचाच विद्यार्थी. त्याने सलाम ठोकला की बाई भर चौकात गाडी थांबवून त्याच्या आईची विचारपूस करणार. त्यांना दंड करायची त्याची छाती होत नाही, म्हणून तो मला दटावतो.

परीक्षेत दोनदा आपटल्या. पहिल्यांदा शाळा सुटलेली पोरं रस्ता ओलांडत होती. गाडी थांबवली ते ठीकच, पण बाई खाली उतरल्या आणि शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत मोजत राहिल्या. दुसऱ्यांदा तर परीक्षकाने पास केलं होतं गं! बाईंनी कागद घेतला, बेरीज तपासली आणि म्हणाल्या, तुमची दोन मार्कांची चूक आहे, मी नापास आहे. मी कपाळावर हात मारून घेतला, पण खरं सांगू, छातीही फुगली. याच बाईंनी मला तीनदा नापास केलं, तिन्ही वेळा घरी बोलावून पहिल्यापासून शिकवलं, आणि एकदाही ‘ढ’ म्हणाल्या नाहीत. आता यावेळी नापास झाले तर गाडी विकून टाकीन, असं त्या बोलून बसल्या. त्या जे बोलतात ते करतात, म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

परीक्षेला दोन दिवस उरले आणि त्यांना माझा ब्रेक कळला. ही कॉपी आहे, म्हणाल्या, पाय वर घे. मी बूट काढून सीटवर मांडी घालून बसलो. पुढच्याच वळणावर एका गादीवाल्याने दुकानाबाहेर गाद्या मांडलेल्या, आणि आमची गाडी सरळ त्यांच्याकडे! माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं ए, ब्रेक दाब ना! लक्ष कुठंय तुझं?’ करकचून ब्रेक. गादी वीतभर लांब. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाईंनी इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, ‘चार महिन्यांत आज पहिल्यांदा शिकवलंस. आता परीक्षेपर्यंत असंच बोलायचं.’ मग दोन दिवस मी त्यांना अगंतुगं केलं आणि रोज गाडीतून उतरल्यावर हात जोडून माफी मागितली.

काल बाई पास झाल्या. बेरीज त्यांनी दोनदा तपासली. मला तिथेच रडू आलं गं. त्यांनी रुमाल काढून दिला आणि म्हणाल्या, नाक नीट पूस. अशी माणसं आपल्याला शिकवायला मिळाली, आपलं नशीब थोर.

जपून राहा.

तुझा धाकटा

ता. क. : ती ‘एकी’ कोण, हे तू ओळखलं असशीलच. बाई रविवारी सकाळी दहाला पोचतील. सोबत येतो म्हटलं, तर म्हणाल्या, पेपर लिहिताना शेजारी कोणी बसत नाही.

ता. क. २ : फाटकाजवळच्या कुंड्या शनिवारीच आत घे. फाटकसुद्धा काढून ठेवता आलं तर बघ.

ता. क. ३ : रिव्हर्समध्ये बाई काठावर पास आहेत. तू दार उघडलं नाहीस, तर त्यांना गाडी मागे घेता यायची नाही, आणि त्या घेणारही नाहीत. तेव्हा ताई, एवढं ऐक माझं, दार उघड.