संत पेलायोचा पाव

ओल्वास,
३ जून २००८

चि. ओरोसियाला आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. बदामाला फळ धरलंय, कोंबड्या अंडी घालतायत, शेजारची पास्कुआला अजून जिवंत आहे. तुझ्या कार्यालयाचं पत्र पोचलं. वाचायला अर्धी सकाळ गेली आणि समजलं एवढंच, की 'नाही'. खाली सही तुझी. सख्ख्या आजीला 'अर्जदार' म्हणतेस, तेही छापील अक्षरांत.

अगं, यंदा ती हाडफोडी गिधाडं दरीतल्या संत पेलायोच्या देवळाच्या डोक्यावरच घरटं करून बसली, यात माझा काय दोष? देऊळ आधीचं आहे. पिल्लू उडेपर्यंत दरी बंद, म्हणजे सणालाही बंद. आणि ऑगस्टात रबराचे कपडे चढवून फ्रेंच लोक दोरावरून उतरणार, किंचाळत डोहात उड्या मारणार, त्यांना परवाने.

यंदा सणाच्या पावाची पाळी आपल्या घराची, हे तुला सांगायला नको. ज्या घराचा पाव सणाला देवळात पोचत नाही, त्याचं नाव पाद्री पुढे प्रार्थनेत घेत नाही. लाप्लानांचं असंच गेलं, आता त्यांच्या चुलीत काटेरी झुडूप उगवलंय. पास्कुआला रोज गोड आवाजात विचारते, "बेत्रानांचं काय गं यंदा?" मी म्हटलं, "तू आधी तुझी कवळी शोध."

म्हणून रविवारी मीच गेले, दरीत उतरायची वाट कशी आहे ते बघायला. फाटकाशी तुमचा तो पहारेकरी लोरेन उभा. म्हणतो, "आजीबाई, परत फिरा, पक्ष्यांना त्रास होतो."

"बाळा, मी पाच पोरं काढली, माझ्यासाठी कुणी गल्लीसुद्धा बंद केली नाही."

तो हसला, पण हलला नाही. "तुमच्या नातीला सांगू का?"

"सांग. तिचे लंगोट मी धुतलेत."

मग मी परत आले. पास्कुआलाला एवढंच सांगितलंय, आणि तुलाही एवढंच सांगणार होते.

परत नाही आले. शेळ्यांच्या वाटेने वळसा घालून आत शिरले. लोरेनला काय कळतंय. चुनखडीच्या दोन्ही भिंती जवळ येतात, आभाळाची नुसती चिंधी उरते, तिथवर पोचले. पुढे कड्याची साखळी धरून उतरायचं. लग्नानंतरच्या वर्षी, तुझा बाप पोटात असताना, पाठीला पाव बांधून मी तिथून उतरले होते. आता साखळी धरली, तर बोटं मिटेनात. पुन्हा धरली. तेच. खाली पाण्याचा आवाज येत होता आणि मी कड्यावर बसून सरकारला, गिधाडांना आणि तुला शिव्या घालत होते. एक गिधाड वरून गेलं. त्याने बघितलंसुद्धा नाही.

तर तू परवाना दिला असतास तरी उपयोग नव्हता. हे लिहायचं म्हणून दोन दिवस कागद तसाच पडला होता.

आता ऐक. घरटं बघायला तू दर आठवड्याला दोरावरून तिथे उतरतेस, तुला कुणी अडवत नाही. पाव तू ने. पण नुसता पाव म्हणून नेऊ नकोस. देवळात पाव ठेवील तो घराचा वारस, हे तुझ्या बापालाही पक्कं ठाऊक आहे. त्याने, सेवेरोने, घर विकायचं म्हणून दाखवायला सारागोसाची माणसं आणलीसुद्धा. माझ्या झोपायच्या खोलीत न्हाणीघर काढणार म्हणे. माझ्यासमोर बोलत होते, जशी मी कपाट. पाव तू नेलास तर तुझा बाप ओरडेल. ओरडू दे, लहानपणीही तो तेच करायचा.

सणाच्या आदल्या दिवशी भट्टी पेटवते. बडीशेप जास्त घालीन. तुला आवडते म्हणून नाही, तो पाव तसाच करतात. येशील तर गणवेशात ये, पास्कुआलाला दिसू दे. नाही आलीस तर मी सेवेरोला सांगते, घर वीक म्हणून. तुझ्यावर रागावणार नाही.

हे मागचं वाक्य खोटं आहे.

बेत्रानांच्या घराची, अजून तरी, मालकीण
बासिलिसा