पाणी तापलंय

शिवराज,

आज गिझर बसवायला माणूस येईल, घरीच थांब. बंब काढलेला मला बघवणार न्हाय, म्हणून मोहोळला तुझ्या आत्तीकडं चाललोय. दिवेलागणीला येतो. भाकरी दुरडीत हायत. बंब मोडीत घालू नको, माळ्यावर ठेव.

धुरानं मला खोकला येतो म्हणून तू गिझर आणलास, ते कळतंय मला. पण तुझी आई गेल्यापासनं आपल्या दोघांत दिवसाचं एवढंच बोलणं उरलंय. मी म्हणतो, "पाणी तापलंय." तू म्हणतोस, "व्हय."

तवा गिझरचं बटण सकाळी मीच दाबणार. तू आधी उठलास तरी हात लावू नको. तापलं की हाक मारीन.

तू व्हय म्हण तेवढं.

आप्पा