हरलेल्या सामन्यातले तीन मुजरे

लष्कर, ग्वाल्हेर
ता. ३१ ऑक्टोबर १९३८

ती. शांताताईस,

वयाने धाकट्या आणि उंचीने थोरल्या दौलतसिंहाचा साष्टांग नमस्कार. (आपल्या माजघरात साष्टांग घातला की माझे पाय ओसरीवर येतात, तेव्हा हा कागदावरच गोड मानून घे.) तुझा दमा कसा आहे? दाजीसाहेब नवी कवळी तोंडात घालतात की अजून खिशातच वागवतात? इकडे सगळे बरे. तुमच्या देवासच्या वैद्यांचं महानारायण तेल मात्र एक बाटली पाठव, गुडघ्यांचं तुला ठाऊकच आहे.

आता मुख्य हकीकत. तू लहानपणी मला माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला उभा करायचीस, त्याच उंचीवर मी नऊ वर्षं पोट भरलं, हे खरंच बघ. गिरणीच्या मॅनेजरांनी मला मोरारच्या जत्रेत गर्दीच्या वर मुंडकं काढून चाललेला पाहिलं आणि 'गोदाम कारकून' म्हणून नेमलं. गोदाम कुठल्या बाजूला आहे हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. काम एकच, गिरणीच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत हिंडलो, दोन चषक आणले, एक दात गमावला, आणि सगळ्या बिर्लानगरात माझं नाव 'ऊँट' पडलं. (प्रेमाने म्हणतात. निदान मी तसं समजतो.)

आबासाहेबांना मात्र हे कधी पटलं नाही. रिसालदाराच्या पोराने अर्धी चड्डी घालून टोपलीत चेंडू टाकण्याचा पगार घ्यावा! "आपल्या घराण्यात तोफेचे गोळे फेकले, चेंडू कुणी फेकला नाही," एवढं एकदा बोलले आणि त्या दिवसापासून माझा मुजरा घेणं बंद केलं. नऊ दसरे मी त्यांच्यापुढे वाकलो आणि नऊही वेळा ते भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघत राहिले. (ते घड्याळ बंद आहे.) ताई, सामना हरलेला मी विसरतो, पण ते घड्याळ विसरत नाही. तू दर दिवाळीला त्यांना पत्र घालायचीस, की एकदा तरी पोराचा खेळ बघून या. ते पत्र उशाशी ठेवायचे, पण यायचे नाहीत. यंदा माझे गुडघे बोलायला लागले आणि मॅनेजर म्हणाले, हा झाशीचा सामना शेवटचा, मग खरोखरच गोदामात बसायचं. म्हटलं, संपलंच, आता आबासाहेब काही बघत नाहीत.

सामन्याचं अर्धं मिनिट उरलं होतं. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू माझ्या हातात, समोर टोपली मोकळी, आणि सगळं मैदान ओरडतंय, "डाल दे, ऊँट!" तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी टेकून, पगडी-अंगरखा घालून आबासाहेब उभे दिसले. आता तूच सांग, बोडक्या डोक्याने मी जन्मात कधी त्यांच्यापुढे उभा राहिलोय का? मी चेंडू खाली ठेवला. (पंचांनी शिटी फुंकली नव्हती, हे मला नंतर कळलं.) बाकावरचा पंचा उचलून डोक्याला गुंडाळला आणि रीतसर तीन मुजरे केले. तिसऱ्याला वाकलो होतो तोवर झाशीवाले चेंडू आमच्या टोपलीत घालून परतही आले होते. मैदानात जे हसणं उसळलं ते थाटीपूरपर्यंत ऐकू गेलं असेल. पण आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी हात छातीशी नेला आणि मान लववली. मुजरा घेतला, ताई. मी तिथेच रडलो, आणि लोकांना वाटलं हरलो म्हणून रडतोय.

सराफ्यातून टांग्याने घरी निघालो. टांगेवाला मला ओळखून म्हणाला, "हुज़ूर, आज ऊँट ने नाक कटा दी." तेव्हा आबासाहेब एकदम म्हणाले, "उसके बाप से बात कर रहे हो." मग माझ्याकडे वळून, "मोर्च्यावरचा शिपाई कुणाला मुजरा करत नाही. बाप आला तरी नाही. चूक तुझी." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि त्या टोपलीला बूड नाही, चेंडू खाली पडतो. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" त्या संध्याकाळी आम्ही एका पंगतीला जेवलो.

लहानांना आशीर्वाद, दाजीसाहेबांना आणि त्यांच्या कवळीला नमस्कार.

तुझा,
दौलत

ता. क. तेल माझ्या गुडघ्यांना नको आहे. या पंधरा दिवसांत आबासाहेबांनी पागेच्या भिंतीवर पिंपाचं कडं ठोकून घेतलंय आणि कुणी बघत नाही असं समजून रोज पहाटे चेंडू फेकतात. उजवा खांदा धरलाय. विचारलं तर म्हणतात, थंडी.

ता. क. दुसरा. खरं काम हे. परवा ते पगडी घालून गिरणीत गेले आणि मॅनेजरांकडून माझ्यासाठी आणखी एक वर्षाचा खेळ मागून आले. माझ्याने जिना उतरवत नाही, ताई, पण त्यांना हे सांगवत नाही. नऊ वर्षं तू त्यांना लिहिलंस, की पोराचा खेळ बघा. आता एकदा लिही, की पोराला बसू द्या. तुझं ऐकतील. पत्र मात्र जरा सावकाश टाक. येत्या रविवारी आग्र्याशी सामना आहे, आणि त्यांनी आजच पगडी झटकून ठेवली आहे.