रंध्याच्या मुठीवरची खळगी

चिरंजीव,

आईच्या माहेरच्या पेटीतला रंधा तू चकाचक केलास, अभिनंदन. गंज गेला, पात्याला धार आली. पण पॉलिशपेपरने घासघासून मुठीवरची खळगीही सपाट केलीस. अरे शहाण्या, तो लाकडाचा दोष नव्हता, तुझ्या आजोबांच्या अंगठ्याची जागा होती. चाळीस वर्षं सुतारकाम करून त्यांनी ती पाडली, तू एका दुपारीत दुरुस्त केलीस!

पेटीतली उरलेली हत्यारं, पटाश्या वगैरे, कुलपात ठेवलीत. किल्ली मागू नकोस.

आई सहाला येईल. पेटी उघडली की ती त्या खळगीत अंगठा ठेवून बसते. तिला काय ते तूच सांग. मी फिरायला चाललोय, उशीर होईल. पॉलिशपेपर मीच आणून दिला होता, एवढं मात्र सांगत बसू नकोस.

– बाबा