आवाजांची चावी

४ नोव्हेंबर, मंगळवार
परवाच्या गेटसभेतल्या भाषणाची सुरुवात जमली: "मानकोलीच्या गोदामांत दिवसभर उभ्यानं राबणाऱ्या बायांनो! आत जाताना तुमचा फोन काढून घेतात, बाहेर पडताना पिशवी उलटी करतात, आणि वर चोर कोण? तर तुम्हीच!" 'उभ्यानं' ठेवायचं. पुढचं उद्या. घसा बसलाय.

हे लिहीत असतानाच दारात हवालदार. नोटीस घेऊन. चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायला. "ताई, मी फक्त पोचवणारा हां. तुमचं भाषण मला आवडतं."
मागणी एकच. संघटनेच्या क्लाउड खात्याचा पासवर्ड. गोदामातून माल गायब होतो अशी ठेकेदाराची तक्रार आहे. आमच्या बायांनी फोनवर बोलून ठेवलंय त्यात चोरांची नावं असणार, असा त्याचा दावा.
बाया बोलल्या हे त्याला कळलं कसं?

५ नोव्हेंबर, बुधवार
वकील अन्सारीभाईंकडे. त्यांचं ऑफिस लूमच्या कारखान्यावर आहे, खालचे माग चालू असले की ओरडूनच बोलावं लागतं. गुप्त गोष्ट सांगायला भिवंडीत याहून सुरक्षित जागा नाही, असं ते म्हणतात.
पोलिसांनी आधी क्लाउडच्या कंपनीला लिहिलं होतं. उत्तर आलं: हे कुलूप आमच्यानंही उघडत नाही, चावी फक्त खातेदाराकडे. म्हणून नोटीस माझ्याकडे.
मी म्हटलं, पुसून टाकते सगळं.
"बिलकुल नहीं! नोटीसनंतर एक फाईल जरी उडवली ना ताई, तर चोर तुम्ही. सीधा अंदर."
मग देत नाही.
"ते कोर्टात बोलू. आणि तिथं मी बोलणार. आपका भाषण सुनके मॅजिस्ट्रेट मुझे भी अंदर कर देगा."
दोघंही हसलो. घरी येताना मात्र हसू आलं नाही.

स्वतःसाठीच एकदा मांडून ठेवते. उन्हाळ्यात बायांना मी सांगितलं, सुपरवायझर काय करतो ते फोनमध्ये बोलून ठेवा, कामगार आयुक्तांकडे तक्रार करू. नावं सांगू नका. मी ते असं कुलपात ठेवीन की सरकारलासुद्धा उघडणार नाही. माझे शब्द होते हे. टाळ्या पडल्या होत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला बसले. नावं नसतील तर ऐकू देत पोलिसांना, बिघडलं काय, असा विचार होता.
नावं आहेत. सगळ्यांची. वज्रेश्वरीकडच्या पाड्यांवरच्या बायांनी तर पक्की पंचांपुढची रीत पाळली आहे. जमिनीला हात लावायचा, आपलं नाव, बापाचं नाव, पाडा, मग गावदेवीची शपथ, आणि मग बोलायचं. त्यांतल्या सोनीचं तर वाक्यावाक्याला: "मी सोनी सांगतंय, खोटं असंल तं माजी जीभ झडू दे."
तेव्हा मी तिथंच बसले होते. म्हटलं होतं, अगं नाव नको.
"नाव न्हाय घेतलं तं ती चहाडी झाली, ताई. चहाडी करनारी मी न्हाय."
त्यांच्यातल्या एका थोरल्या बाईनं वर टोमणा मारला होता, "तू येवढी पुस्तकं वाचली, येवढं न्हाय म्हाईत?"
मी पुढं रेटलं नाही. नाव घेऊन बोलणाऱ्या बाईला गप्प बस म्हणायचं माझ्या जिभेवर येईना.

सोनीनं काय सांगितलंय ते इथंही लिहीत नाही. तिच्या नवऱ्याला माहीत नाही. सासूला कळलं तर तिचं काम सुटेल, कदाचित घरही. सुपरवायझर आणि ठेकेदार मावसभाऊ. फाईल एकदा पोलीस ठाण्यात गेली की गोदामात पोचायला किती वेळ? चांगल्या माणसाच्या हातूनही कागद फिरतातच. आवाज तर त्याहून सहज. एक बटण.

९ नोव्हेंबर, रविवार
इन्स्पेक्टर स्वतः आले, साध्या कपड्यांत. माणूस सभ्य. पुस्तकांच्या कपाटापुढे बराच वेळ उभे. "एवढं वाचता कधी?" मी म्हटलं, तुम्ही मोर्च्याला परवानगी नाकारता तेव्हा वेळ मिळतो.
हसले. मग बसून सरळ बोलले. गेल्या वर्षी टेमघरमधली एक मुलगी घरातून गेली. फोन घरी राहिला, पण कुलूपबंद. कुणाशी बोलत होती ते सगळं क्लाउडमध्ये. कंपनी म्हणाली, आमच्याकडे चावी नाही. "मुलगी सापडली, पण उशिरा. तिची आई अजून ठाण्यात येऊन बसते. तिला काय सांगू, खासगीपणा फार महत्त्वाचा असतो म्हणून?"
मी उठून चहा टाकला.
पुढं म्हणाले, "टीव्हीवर बघता ना. सगळीकडचीच सरकारं मागताहेत, कंपन्यांनी एक जादा चावी आमच्याकडे ठेवावी. आपल्याकडेही होईल कधीतरी. मग मला तुमच्या दारात यावं लागणार नाही."
त्यालाच तर भिते, मी म्हटलं. आज तुम्हाला दारात यावं लागलं, नोटीस काढावी लागली, माझा चहा प्यावा लागला. म्हणून मला कळलं. जादा चावी झाली की कळणारही नाही.
"आणि तुमच्याकडे चावी आहे, ती कुणी दिली? मला वर साहेब आहे, कोर्ट आहे. तुमच्यावर कोण आहे?"
जाताना चप्पल घालत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत काय ते ठरवा, ताई. मला राग नाही."

त्या मुलीची आई डोक्यातून जात नाही. तिच्यासमोर उभी राहून माझं भाषण मी करू शकेन का? करू शकले पाहिजे. नाहीतर ते भाषण खोटं. तिच्या मुलीसाठी एक दार उघडायचं तर उघडा, कोर्टात सांगून, त्याच घराचं. पण साऱ्या वस्तीच्या दारांची एक चावी करून ती कुणाच्या कमरेला लावायची? आजचा माणूस सभ्य आहे. बदली होते.
हे तिला पटेल का, माहीत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
इन्स्पेक्टरचा प्रश्न रुतून बसलाय. तुमच्यावर कोण?
बाया. दुसरं कोण असणार! पण नोटीस आल्यापासून मी एकीलाही विचारलं नाही. वकिलाशी बोलले, पोलिसाशी बोलले, या वहीशी बोलले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळच्या एसटीनं वज्रेश्वरी, तिथून पाड्यावर चालत. सगळीकडे भाताची झोडणी. सोनी खळ्यावर, पदर कमरेला खोचलेला, केसांत पेंढा. सासू जवळच, म्हणून आधी पिकापाण्याचं बोलले. मग विहिरीवर.
सगळं सांगितलं.
कळशी घासता घासता तिनं विचारलं,
"तुज्या कुलपाला काय झालं?"
कुलूप चांगलं आहे. मलाच उघड म्हणतात.
"मंग नको उघडू."
नाही उघडलं तर मला आत टाकतील कदाचित.
"तू जाशील?"
जाईन.
"तुला काय, तू जाशील. तुजा नवरा डबा आनंल." मग हसली, मग हसू गेलं. "पोलिसानं आयकलं तं चालंल, ताई. पोलीस मला वळखीत न्हाय. पन गोदामात न्हाय गेलं पायजे. घरात न्हाय आलं पायजे."
आलं तर?
"मंग मी कुटं जाऊ, तूच सांग."
सासूनं हाक मारली. सोनी गेली. कळशी विहिरीवरच राहिली, मी नेऊन दिली. सासू म्हणाली, "येवढ्या लांबून आल्या, कामाला लावलं व्हय तुमाला!" तांदूळ बांधून दिले, नव्या भाताचे. नाही म्हणता आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
अन्सारीभाई. आज खाली माग बंद, वीज नव्हती. कुजबुजत बोलावं लागलं.
अर्ज असा करायचा: पासवर्ड पोलिसांच्या हाती नको. चोरीशी संबंध असेल तेवढंच, मॅजिस्ट्रेटनं स्वतः बंद खोलीत ऐकावं, बाकीचं परत. शुक्रवारी सुनावणी.
"पण हरकत एकट्या तुमची नको. ज्यांचा आवाज आहे, त्या आल्या पाहिजेत."
त्या आल्या की ठेकेदाराचा माणूस आवारात उभा राहून बघणार, कोण कोण आलं. झालं मग! फाईल न ऐकताच त्याला यादी मिळाली.
"येही तो मुश्किल है."
अर्जाचा कच्चा कागद मी पुन्हा वाचला.
मग मी विचारलं, अर्जावर सही करणारीनं 'माझा आवाज त्यात आहे' असं लिहावंच लागेल?
"नाही. संघटनेची सभासद आहे, माझी हरकत आहे, बस."
आणि जिनं काहीच रेकॉर्ड केलं नाही, ती सही करू शकते?
अन्सारीभाईंनी चष्मा काढला. "सभासद असेल तर का नाही?"
सगळ्या आल्या तर? आपली संघटना आहे त्या तिन्ही गोदामांतल्या. बोललेल्या, न बोललेल्या. प्रत्येकीनं पुढं होऊन नाव, पाडा सांगायचा. त्यांत बोललेली सोनी कोणती, हे कुणाला कळणार?
"अल्लाह," एवढंच म्हणाले. मग लगेच, "पर आएंगी क्या?"

संध्याकाळी निरोप: ठेकेदारानं गेटवर सांगितलंय, शुक्रवारी खाडा केला तर शनिवारी आत घेणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी चौकात सभा. बसमधून उतरणाऱ्या बाया, पाठीमागे ट्रकची रांग. ठरलेलं भाषण अर्ध्यावर सोडलं. सुपरवायझर, सरकार, कंपनी, जादा चावी, सगळं सोडलं. घसा पार गेलेला. म्हणून हळू बोलावं लागलं, आणि हळू बोलले म्हणून त्या जवळ आल्या.
मागून एकीनं विचारलं, "मी तं कायच न्हाय बोलले त्या फोनमदी. मी कशाला येऊ?"
तिच्याच बाजूची, "मी पन न्हाय बोलले. मला काय भ्या हाय?"
दोघींतली एक खोटं बोलत होती. तिचं रेकॉर्डिंग मी ऐकलंय. मी नजर खाली घातली.

सोनी दिसली नाही. अजून झोडणी चालू असेल. किंवा सासू. किंवा मीच उगाच गेले पाड्यावर. तिची शेजारीण सांगत होती, "ती बोलली, बगते."
बगते.

शेवटी जे म्हटलं ते इथं उतरवून ठेवते. कोर्टात अन्सारीभाई मला बोलू देणार नाहीत, म्हणून हे माझं शेवटचं बोलणं:
"ज्या बोलल्या त्यांना मी यायला सांगणार नाही. त्यांचं ओझं पुष्कळ झालं. मी सांगतेय तुम्हाला, ज्या काही बोलल्या नाहीत त्यांना. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी कोर्टाच्या आवारात या. लिंबाखाली अन्सारीभाईंचं टेबल असेल. आपलं नाव सांगा, आपला पाडा सांगा, सही करा. तुम्ही आलात, तर जी बोललीय तीही तुमच्या गर्दीतून येऊ शकेल."